विकेंद्रीकरणाचं प्रशिक्षण ऑनलाइन, आपापल्या वेळेने: वर्गातलं भांडण कुठे बसवायचं?

ओळीबाहेर

नमस्कार मंडळी. धागा कामाचा आहे, पण इथे शिकवणारे आहेत, नगरपालिकांत हयात घालवलेले आहेत आणि ई-लर्निंगवालेही आहेत, म्हणून इथेच विचारते.

आमची संस्था विकेंद्रीकरण आणि स्थानिक शासन या विषयावर आठवडाभराचं निवासी प्रशिक्षण घेते. वेगवेगळ्या देशांतून लोक येतात: महापौर, निवडून आलेले सदस्य, मुख्याधिकारी, अर्थ मंत्रालयातले अधिकारी, संस्थांचे कार्यकर्ते. आता हाच अभ्यासक्रम ऑनलाइन करायचाय. समोर शिक्षक नाही, ठरलेली वेळ नाही, ज्याने त्याने सवडीने करायचा.

राजकीय, प्रशासकीय आणि वित्तीय विकेंद्रीकरण, कामांची वाटणी, अनुदानं, कर्ज, लोकसहभाग, उत्तरदायित्व हे सगळं लिहून काढता येईल. त्याची मला काळजी नाही. पण वर्गात एक सत्र असतं. पत्त्यांवर कामं लिहिलेली असतात: पाणीपुरवठा, प्राथमिक शाळा, शिक्षकांचे पगार, कचरा, बांधकाम परवाने, जमिनीच्या नोंदी. कुठलं काम केंद्राने करायचं, कुठलं प्रांताने, कुठलं स्थानिक संस्थेने, हे गटाने ठरवायचं. अर्ध्या तासात आवाज चढतात. मंत्रालयातला माणूस म्हणतो, "यांना हिशेब ठेवता येत नाही." महापौर म्हणतात, "तुम्ही मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पैसे पाठवता, हिशेब कसला ठेवू?" माझ्या मते खरं प्रशिक्षण ते तेवढंच. बाकीचं पुस्तकात मिळतं.

एका कंत्राटदाराने ऑनलाइनचा नमुना दाखवला. आमच्याच स्लाइड, त्यावर एक गोड आवाज, शेवटी दहा प्रश्न. पहिला प्रश्न, "विकेंद्रीकरणाचे प्रकार किती?"

यात ते भांडण कुठे गेलं?

वाचक_फक्त

वाचतेय. चांगला विषय.

कळफलक

ई-लर्निंग हाच माझा धंदा आहे, म्हणून जरा सविस्तर.

आधी तो गोड आवाज काढून टाका. पडद्यावर जे लिहिलंय तेच शब्दशः वाचून दाखवलं तर शिकणं सुधारत नाही, उलट बिघडतं. शिक्षण-मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून हे बऱ्याचदा दिसलंय. डोळे आणि कान एकाच मजकुरासाठी झगडत बसतात. व्हिडिओ ठेवायचेच असतील तर छोटे ठेवा. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात लोकांचं लक्ष साधारण सहा मिनिटांपर्यंत टिकतं, पुढे घसरतं असं दिसलं. तासाभराच्या व्याख्यानाचे दहा तुकडे केले म्हणजे झालं, असाही त्याचा अर्थ नाही. ते व्याख्यानच राहतं, फक्त तुकड्यातुकड्यांत.

आता तुमचा पत्त्यांचा खेळ. तो माहिती देऊन झाल्यावर ठेवू नका, अगदी सुरुवातीला ठेवा. पहिल्या पानावर नमस्कार नाही, उद्दिष्टं नाहीत, थेट प्रश्न: पाणीपुरवठा कुणाचा? माणूस 'स्थानिक' वर टिचकी मारेल. मग पत्ता फोडायचा. पाण्याची गुणवत्ता-मानकं कोण ठरवणार? धरण कोण बांधणार? नळजोडणी कोण देणार? दर कोण ठरवणार? ज्याला परवडत नाही त्याची भरपाई कोण करणार? तपासणी कुणाची? एका पत्त्याचे सहा होतात आणि सहाही एकाच पातळीवर राहत नाहीत. वर्गात हे फोडणं भांडता भांडता आपोआप होतं. ऑनलाइनमध्ये ते तुम्हाला मुद्दाम घडवावं लागेल. आधी उत्तर द्यायला लावायचं, मग ते उत्तर अपुरं आहे हे त्याचं त्यालाच दिसू द्यायचं, आणि सिद्धांत त्यानंतर.

तिरकी_रेघ

सगळं छान. पण होणार काय ते सांगतो: पुढे, पुढे, पुढे, प्रमाणपत्र. खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत नाव नोंदवणाऱ्यांपैकी शेवटपर्यंत पोचणारे बहुधा दहा टक्क्यांच्या आत असतात, हे आता सगळ्यांना माहीत आहे. आणि जिथे अभ्यासक्रम सक्तीचा असतो तिथे शंभर टक्के पोचतात, पण वाचत कुणीच नाही. साहेबांचा पासवर्ड कारकुनाकडे असतो.

शिवाय गंमत बघा. विषय विकेंद्रीकरण, आणि अभ्यासक्रम राजधानीत बसून एकाच साच्यात तयार होणार. सगळ्यांना तीच उदाहरणं, तोच क्रम, तीच परीक्षा.

गणपूर्ती

मी एक कार्यकाळ निवडून आलेली सदस्य होते, म्हणून पलीकडच्या बाजूने लिहिते.

तिरकी_रेघ, तुमचं खरं आहे, पण निवासी प्रशिक्षणाचं फार कौतुक नको. आठवडाभर घर सोडून कोण जाऊ शकतं? ज्यांच्या घरी बाकीचं बघणारं कुणी असतं ते. आमच्यातल्या कितीतरी बायका पहिल्या प्रशिक्षणाला गेल्याच नाहीत, त्यांच्या वतीने कागदावर सही तेवढी झाली. रात्री साडेनऊनंतर फोनवर वीस मिनिटं मिळणं हे त्यांच्यासाठी जास्त खरं आहे.

आणि मला प्रशिक्षण हवं होतं ते निवडून आल्यावर लगेच नाही. अंदाजपत्रकाच्या सभेच्या आदल्या आठवड्यात हवं होतं! तेव्हा हातात जाडजूड बाड पडलं आणि त्यात काय बघायचं तेच कळेना. आपापल्या वेळेने शिकण्याचा खरा उपयोग तिथे आहे. म्हणून ओळीबाहेर, एक विनंती. 'पहिला भाग पूर्ण केल्याशिवाय दुसरा उघडणार नाही' असली कुलपं लावू नका. जिला उद्या सभेला जायचंय तिला सरळ 'अंदाजपत्रक कसं वाचावं' उघडता आलं पाहिजे. तिथे विकेंद्रीकरणाचा इतिहास नको. चार रकाने दाखवा: गेल्या वर्षीचे प्रत्यक्ष आकडे, चालू वर्षाचा मूळ अंदाज, सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाचा अंदाज. मूळ आणि सुधारित यांत जिथे मोठी तफावत दिसेल तिथे बोट ठेवायचं आणि सभेत विचारायचं, हे का? एवढं जरी कुणी तेव्हा शिकवलं असतं!

फोनवर चालायला हवं, आणि डाउनलोड करून नेटशिवायही. अर्धा मजकूर ऐकता आला तर फारच उत्तम.

कळफलक

गणपूर्ती, कुलपांबद्दल +१. ती बहुतेक वेळा शिकणाऱ्यासाठी नसतातच, अहवाल लिहिणाऱ्याच्या सोयीसाठी असतात.

नेटशिवाय चालण्याबद्दल: मूडल या ऑनलाइन वर्ग चालवायच्या मुक्त प्रणालीचं मोबाइल ॲप मजकूर आणि बरेचसे उपक्रम आधी उतरवून घेऊ देतं आणि नेट आलं की नोंदी वर पाठवतं. पण सगळे प्रकार चालत नाहीत. काय चालतं ते आधी बघा आणि त्यातच रचना करा. आधी रचना करून मग ॲपवर चिडणारे खूप पाहिलेत.

जमाबाजू

स्थानिक संस्थांच्या लेखा विभागात नोकरी झाली, आता निवृत्त. वित्तीय भागाबद्दल लिहितो, कारण या विषयावरचे लोक तिथे येऊन एकदम गुळगुळीत होतात. 'आधी काम, मग पैसा' हे वाक्य सगळेच शिकवतात. काम वाटलं, पैसा नाही दिला तर काय, हेही सांगतात. पण अनुदानाचं सूत्र म्हणजे काय ते हाताने केल्याशिवाय कळत नाही, आणि हा भाग वर्गापेक्षा ऑनलाइन जास्त चांगला होईल असं मला वाटतं. कारण तक्ता स्वतः हलवून बघता येतो.

उदाहरण देतो. तीन काल्पनिक नगरपालिका: क, ख, ग. लोकसंख्या क ५०,०००, ख ३०,०००, ग २०,०००. क्षेत्रफळ क १० चौ.किमी, ख ३०, ग ६०. वाटायचे आहेत १,००० (एकक काहीही घ्या). सगळं लोकसंख्येवर वाटलं तर क ५००, ख ३००, ग २००. आता अर्धं लोकसंख्येवर आणि अर्धं क्षेत्रफळावर वाटा: क ३००, ख ३००, ग ४००. एक पैसाही वाढला नाही, पण क चे २०० गेले आणि ग चे दुप्पट झाले. ख ला काहीच फरक पडला नाही, त्यामुळे तो सभेत गप्प बसेल. हेही शिकण्यासारखंच आहे.

शिकणाऱ्याला आधी क चा महापौर करा आणि सूत्र सुचवायला सांगा. तो लोकसंख्याच सुचवेल, आणि कारणंही उदात्त देईल. मग पुढच्या पानावर त्याला ग चा महापौर करा. त्याचीच आधीची कारणं त्याच्यासमोर ठेवा आणि खोडायला लावा.

त्यापुढची पायरी: अनुदान म्हणजे गरज वजा प्रत्यक्ष वसुली, असं सूत्र केलं तर काय होईल? जो कर गोळा करतो त्याचं अनुदान कापलं जातं, जो करत नाही त्याला बक्षीस. गरज वजा *कर गोळा करण्याची क्षमता* असं केलं तर हा दोष जातो, पण क्षमता मोजायची कशी, ही नवी डोकेदुखी. सोडवून दाखवू नका. तक्त्यात दोन्ही सूत्रं द्या आणि तीन वर्षं पुढे चालवू द्या.

ओळीबाहेर

जमाबाजूकाका, हे फार उपयोगी आहे. क चा महापौर करून मग ग चा करणं म्हणजे तर माझ्या भांडणाचं निम्मं उत्तर झालं. भांडण स्वतःशीच.

खऱ्या देशांची उदाहरणं कशी घालावीत याबद्दलही मतं हवी आहेत. आमच्या वर्गात पोर्तो अलेग्रे येतंच येतं. ब्राझीलमधल्या या शहरात १९८९ पासून लोकांनी बसून शहराच्या गुंतवणुकीचे प्राधान्यक्रम ठरवायला सुरुवात केली. पण दरवेळी ते यशोगाथा म्हणूनच सांगितलं जातं.

दूरची_वाट

याच क्षेत्रात बाहेर सल्लागार म्हणून काम करते. यशोगाथांचा मलाही वीट आलाय. पोर्तो अलेग्रेची गोष्ट पुढेही सांगा ना. ज्या पक्षाने ती पद्धत आणली त्याची शहरातली सत्ता २००४ च्या निवडणुकीत गेली, नंतर पद्धतीचा जोर ओसरत गेला, आणि २०१७ मध्ये ती थांबवण्यात आली. तोवर जगभरात असंख्य शहरांनी तिचं अनुकरण केलं होतं. हे टप्प्याटप्प्याने दाखवा. प्रत्येक टप्प्यावर शिकणाऱ्याने आधी अंदाज करायचा: सत्ता बदलली, आता ही पद्धत टिकेल? कशाच्या जोरावर? कायद्यात होती का, की महापौरांच्या मर्जीवर?

इंडोनेशियाही असाच घ्या. १९९९ चे दोन कायदे, अंमल १ जानेवारी २००१ पासून, आणि एका झटक्यात जवळपास वीस लाख सरकारी कर्मचारी प्रादेशिक सरकारांकडे वर्ग. सगळीकडे 'मोठा धमाका' म्हणून हे शिकवतात आणि तिथेच थांबतात. पण २०१४ च्या कायद्याने खाणी, जंगलं आणि उच्च माध्यमिक शाळा जिल्ह्यांकडून काढून प्रांतांकडे गेल्या. अधिकार खाली येतात तसे परत वरही जातात, हे नकाशावर बाण काढून दाखवलं तर पत्त्यांचा खेळ जिवंत होईल.

आणि टक्केवारीचे सापळे! केनियाच्या २०१० च्या संविधानात ४७ काउंटींना (तिथल्या स्थानिक सरकारांना) मिळून राष्ट्रीय महसुलाच्या किमान १५ टक्के द्यायचे आहेत. प्रश्न विचारा: कुठल्या वर्षाच्या महसुलाच्या? संसदेने मंजूर केलेल्या, लेखापरीक्षण झालेल्या अलीकडच्या हिशेबांवर. म्हणजे लेखापरीक्षण रेंगाळलं की पाया जुना राहतो. फिलिपिन्समध्ये १९९१ च्या स्थानिक शासन संहितेने स्थानिक संस्थांना करांच्या उत्पन्नात ४० टक्के वाटा दिला, पण सरकार त्यात सीमाशुल्कासारखे कर मोजतच नव्हतं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळे राष्ट्रीय कर धरा असं सांगितलं आणि २०२२ पासून ते अमलात आलं. भारतातही संविधानाच्या अकराव्या अनुसूचीतले पंचायतींचे २९ विषय सगळे पाठ करतात, पण त्यातला कुठला पंचायतीला द्यायचा हे कलम २४३-छ ने राज्य विधिमंडळांवर सोडलंय. कायद्याचा मूळ उतारा समोर द्यायचा आणि विचारायचं, यात बंधनकारक काय आणि ऐच्छिक काय? दहा प्रश्नांच्या परीक्षेपेक्षा हे बरं.

तिरकी_रेघ

दूरची_वाट यांचा प्रतिसाद आवडला. पण मूळ शंका तशीच आहे. वर्गातला मंत्रालयवाला समोरच्याला उलट बोलतो. स्क्रीन उलट बोलत नाही. महापौर घरी बसून सगळ्या चौकोनांत 'स्थानिक' भरतील, मंत्रालयवाले 'केंद्र' भरतील, दोघांनाही प्रमाणपत्र.

कळफलक

पूर्ण उलट बोलणार नाही, मान्य. पण मधली वाट आहे. ओळीबाहेर, वर्गातले वाद तुमच्याकडे साठलेले आहेत ना? परवानगी घेऊन, नावं काढून, दोन-दोन मिनिटांच्या आवाजी नोंदी करा: एक अर्थ खात्याची अधिकारी, एक महापौर, एक पाणीपुरवठा अभियंता. प्रत्येकाचं म्हणणं त्याच्या बाजूने जितकं पक्कं मांडता येईल तितकं पक्कं. बावळट विरोधक उभा करू नका. ई-लर्निंगमध्ये हे हमखास होतं, चुकीचं बोलणारं पात्र कपड्यांवरूनच ओळखू येतं.

मग नियम एकच: आपलं उत्तर आणि कारण लिहून पाठवल्याशिवाय दुसऱ्यांची उत्तरं दिसणार नाहीत. पाठवल्यावर दोन दाखवायची, दोन्ही *वेगळ्या* पातळीवरच्या माणसांची. त्यातल्या एकाला उत्तर लिहायचं. ती माणसं सहा महिन्यांपूर्वी करून गेलेली असली तरी चालतं. वेळ एकच असण्याची गरज नाही, मतभेद खरा असला की पुरे.

आणि तरीही महिन्यातून एकदा दोन तासांची थेट भेट ठेवा, ऐच्छिक. ज्याला भांडायचंय तो येईल.

तिरकी_रेघ

हं. वेगळ्या पातळीवरच्या माणसाचं उत्तर दाखवणं बरं वाटतंय. पण कोण कुठल्या पातळीवरचा, हे खरं कोण सांगणार? आणि आपला साहेब वाचेल या भीतीने कनिष्ठ अधिकारी काय लिहील? टोपणनावं ठेवा, आणि त्याच देशातल्याची उत्तरं दाखवू नका.

ओळीबाहेर

टोपणनावाचा मुद्दा डोक्यात नव्हता. नोंद केली.

परीक्षेचं काय करू? प्रमाणपत्र हवंच आहे, त्याशिवाय वरिष्ठ रजाच देत नाहीत.

जमाबाजू

आपल्या स्थानिक संस्थेचं अंदाजपत्रक मिळवायचं आणि तीन गोष्टी काढायच्या. एकूण उत्पन्नात स्वतःच्या कर-शुल्काचा वाटा किती. आलेल्या अनुदानात कशावर खर्चायचं ते आधीच ठरलेलं किती आणि मोकळं किती. पगार आणि निवृत्तिवेतन वजा जाता उरतं किती. एक पान लिहायचं. झालं.

तिरकी_रेघ

कारकुनाकडून लिहून घेतील.

जमाबाजू

घेऊ देत की! निदान कारकुनाला तरी कळेल.

गणपूर्ती

:) पण जिथे अंदाजपत्रक बघायलाच मिळत नाही तिथे? असे देश आहेत, आणि असे मुख्याधिकारी तर कुठेही आहेत.

दूरची_वाट

तिथे अर्जाची प्रत लावायची: कुणाकडे मागितलं, कधी मागितलं, काय उत्तर आलं. ते एक पान म्हणून धरावं. उत्तरदायित्वाच्या भागात तसंही तेच शिकवायचंय. फक्त सगळीकडे असं मागणं सुरक्षित नसतं, म्हणून ज्याला नको असेल त्याला काल्पनिक नगरपालिकेचा पर्याय हवा, आणि तो का निवडला हे विचारू नये.

अवांतर वाटेल पण नाही: आकडे आणि कलमं व्हिडिओत बोलू नका. कायदा बदलला की अख्खा व्हिडिओ बाद. व्हिडिओत फक्त जे बदलत नाही ते. बाकी सगळं प्रत्येक देशाच्या वेगळ्या पानावर, वर तारीख घालून, आणि ते पान कोण सांभाळणार त्याच्या जबाबदारीसह. मी पाहिलेले बरेचसे अभ्यासक्रम दोन-तीन वर्षांत शिळे झालेत, आणि कारण नेहमी हेच.

कळफलक

आणि ते पान त्या देशातल्या प्रशिक्षकालाच दुरुस्त करता यायला हवं, तुमच्या संस्थेला मेल करून वाट बघत बसायला नको. मुक्त परवाना द्या, मूडलची बॅकअप फाइल द्या.

तिरकी_रेघ

म्हणजे माझ्या पहिल्या प्रतिसादातल्या टोमण्याचं तुम्ही धोरण केलंत. पण मग ठरवा की काय स्थानिक आणि काय केंद्रीय. उदाहरणं बदलली तर ठीक. उद्या एखाद्या मंत्रालयाने 'उत्तरदायित्व' हा भागच गाळला तर? त्यावर तुमच्या संस्थेचं नाव राहणार का?

ओळीबाहेर

चांगला प्रश्न आहे आणि आमच्याकडे त्यावर अजून कुणी बसलेलं नाही. माझं मत: भाग गाळता येणार नाहीत, उदाहरणं, कायदे आणि क्रम बदलता येतील. आणि ज्याने बदल केला त्याचं नाव पानावर दिसेल. भाग गाळायचाच असेल तर खुशाल गाळा, पण आमचं नाव काढून. वरिष्ठांना पटेल का, माहीत नाही.

पहिल्यांदा वित्तीय भागच करायला घेते, जमाबाजूकाकांच्या तीन नगरपालिकांवर. गणपूर्ती, 'सभेच्या आदल्या आठवड्यात' हे छोटं प्रकरण तुम्ही माझ्याबरोबर लिहाल का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

गणपूर्ती

लिहीन. पण रात्री साडेनऊनंतर.

जमाबाजू

तक्ता करून ठेवलाय, व्यनितून पाठवतो. क-ख-ग बरोबर 'अनुदान प्रत्यक्ष कधी आलं' असा महिन्याचा रकाना घातलाय. तो मार्चवर सरकवला की पगार कुठून द्यायचे ते शिकणाऱ्याला ठरवावं लागतं: ठेकेदाराची बिलं थांबवायची, की ठेवी मोडायच्या, की कर्ज काढायचं. कर्जाला वरून परवानगी लागते, ती अट वेगळ्या पानावर आहे. सूत्रांना कुलूप लावलेलं नाही. तिरकी_रेघ, आधी तुम्हीच मोडून बघा.